नाडी चालू आहे

४ मार्च
आलो एकदाचा! क्वार्टर ऐसपैस, नळाला दिवसभर पाणी, मागच्या दारी लिंबाचं झाड. बायको तर हवेतच आहे, कारण तिचा धाकटा भाऊ याच गावात फाटकाजवळ घड्याळं दुरुस्त करतो. मेहुण्याने आल्या आल्या माझं बंद पडलेलं घड्याळ मनगटावरून काढून नेलं आणि संध्याकाळी टिकटिकतं करून आणलं. तुरुंगाचा डॉक्टर म्हणजे काय, खरूज आणि खोकला. मजेत दिवस जाणार.

७ मार्च
तुरुंगाच्या साहेबांनी तळघरात बोलावलं. एका बेकरीवाल्याला धरून आणलंय. बाजारात बॉम्ब ठेवणाऱ्यांना तो ओळखतो म्हणे. मी फक्त मधूनमधून त्याचं मनगट धरायचं आणि चालेल की थांबायचं ते सांगायचं. मी विचारलं, त्याला खरंच काही माहीत नसेल तर? साहेब म्हणाले, ते तरी बोलतं केल्याशिवाय कसं कळणार? सुक्याबरोबर ओलंही जळतं, डॉक्टर. उद्या बाजारात तुमच्या सौभाग्यवतीही भाजी घेत असतील. चालेल, म्हणालो. नाडीपुरतं सोडलं तर मी त्याला बोटही लावत नाही.

९ मार्च
साहेब चहाला गेले तेव्हा बेकरीवाल्याने किती वाजले विचारलं. फार कीव आली. घड्याळ दाखवलं. त्याला जरा बरं वाटावं म्हणून बोलत बसलो, मेहुण्याचं कसब, फाटकाजवळचं दुकान, असलं काहीबाही. तो लक्ष देऊन ऐकत होता.
साहेब परतले. नाडी अडखळत होती. तरी चालेल म्हणालो.

१० मार्च
बेकरीवाला गेला. माझ्या बोटांखालीच. शेवटी तो काहीतरी पुटपुटला, साहेबांनी त्याच्या तोंडाशी कान नेला आणि हसतच बाहेर पडले.
घरी येऊन हात चोळचोळून धुतले. कप धरला, तर कपाला नाडी लागली. दाराच्या कडीलाही.

११ मार्च
लिंबाच्या खोडाला – तीच. दोन ठोके, मग अडखळते. बायकोचा हात धरला, तिथेही तीच. हात झटकला तशी ती रडायला लागली. मला भीती वाटतेय.

१२ मार्च
मेहुणा जेवायला येणार होता. आला नाही. बायको बघून आली – दुकानाचं दार मोडलेलं.
साहेबांचा निरोप – फाटकाजवळचा घड्याळवाला सापडला, लगेच या.

तळघरात, कोपऱ्यात बसून लिहितोय –
मला बघून तो हसला. भावोजी आले, आता सुटलो असं वाटलं त्याला. साहेबांना सांगितलं, हा माझा मेहुणा, त्याच्याबद्दल बेकरीवाल्याला मीच सांगितलं होतं, याला काही माहीत नाही – साहेब म्हणाले, ते तरी कसं कळणार?

थांबा म्हणालो. ओरडून म्हणालो. साहेबांनी स्वतः त्याचं मनगट धरलं. म्हणाले, चालू आहे की.
ओठ निळे पडलेत. छाती हलत नाही. मी पुन्हा बोटं ठेवली –
दोन ठोके. मग अडखळते.
ही याची नाही. साहेब, ही याची नाही, हा केव्हाच – ही थांबतच नाही