साडूच्या नाकावर लोखंडी पॅलेट

४ फेब्रुवारी १९४६, सोमवार

पोपटचा सूड घ्यायचा. ठरलं. तारीख घालून लिहून ठेवतो, म्हणजे मागे हटता येणार नाही.

झालं असं. आमच्या डेपोत अमेरिकन लोकांनी जाताना टाकून दिलेली एक फोर्कलिफ्ट आहे. पुढे दोन लोखंडी सुळे, ते खालीवर होतात. हमाल तिला सुळ्याची गाडी म्हणतात. सुळे आत घालायला मालाच्या खाली एक पोकळ चौरंग लागतो, तो पॅलेट. गाडी चालवतो पोपट, म्हणजे माझा साडू. पॅलेट करतो मी. आज मुंबईचे मोठे साहेब बघायला उभे, आणि पोपटने मुद्दाम असा हिसका दिला की माझं लाकडी पॅलेट मधोमध मोडलं. तेलाची पिंपं गडगडत साहेबांच्या बुटापर्यंत! पोपट खाली उतरला, मोडकी फळी उचलून सगळ्या हमालांदेखत म्हणाला, ह्याला जेवायचा पाट तरी धड जमतो का, इचारा माझ्या मेव्हणीला. सगळे खो खो हसले. साहेबांना मराठी येत नाही, तरी तेही हसले.

बघून घेईन.

५ फेब्रुवारी

रागाने डोळ्याला डोळा नाही. (सुंदरा म्हणते, घोरत होता. बायकांना काय कळतं.)

एक एप्रिलपासून डेपो लष्कराकडून सिव्हिलकडे जाणार. वर्कशॉपातला एकच माणूस ठेवणार. मी नाहीतर पोपट. दुसऱ्याने घरी जायचं. माझं घर म्हणजे पोशीर गाव, तिथे थोरल्या भावाच्या, कोंडाजीदादाच्या, हाताखाली जन्मभर शेतातला चिखल तुडवायचा. आणि मी तर ड्राफ्ट्समन. नेमणुकीच्या कागदावर ‘सुतार’ लिहिलंय, ती टाइप करणाऱ्याची चूक.

प्लॅन: लोखंडी पॅलेट. असं दणकट की पोपट मोडायला गेला तर गाडी मोडेल. साहेब म्हणतील, सहदेव, तू राहा. पोपट, तू चालता हो. तेव्हा मी हसणार नाही. नुसता बघेन.

६ फेब्रुवारी

सूड पुरा होईपर्यंत चहा बंद.

संध्याकाळी: चहा घेतला. डोकं ठणकत होतं. डिझाइनवर परिणाम नको.

९ फेब्रुवारी

ड्रॉइंग पुरं. झकास. सुंदराला दाखवलं. म्हणाली, खाट हाय का? समजावून सांगितलं. म्हणाली, खाटच बरी व्हती.

तिच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे पोपटच्या आनंदीने, दुपारी ताटभर काकडीचं थालीपीठ पाठवलं होतं. शत्रूच्या घरचं अन्न! सांगून ठेवलं, या घरात चालणार नाही. थंड झाल्यावर वाया जाईल म्हणून खाल्लं.

१३ फेब्रुवारी

सायडिंगला जुन्या रुळांचे तुकडे पडलेत. तेच वापरायचे. नवशा वेल्डर म्हणाला की एवढं जाड लोखंड कशापायी, पातळ अँगल पुरंल. त्याला पोपटने फितवला असणार. मी दोन आडवे रूळ आणखी घातले.

१६ फेब्रुवारी

पॅलेट तयार! वर अख्खा पत्रा, पाणी निथळायला दोन गोल भोकं. उचलायला सहा हमाल लागले. त्यांचा मुकादम गोमा घाम पुसत म्हणाला, रिकामंच येवडं जड, मंग गाडीनं माल कुटं घ्यायचा रं? अडाणी. वजन म्हणजेच ताकद. लढाईत रणगाडे जड होते म्हणून तर जिंकले.

पोपट लांबून बघत होता. चेहरा उतरला होता. (त्याला पडसं झालंय असं कोणी म्हणालं. पडसं नव्हे ते.)

१८ फेब्रुवारी

गंज लागू नये म्हणून पॅलेटला रेड लेड द्यायचं ठरवलं. स्टोअरमध्ये डबा संपला. पण रेड लेड म्हणजे तरी काय, शेंदूर. बाजारातून शेंदूर आणला, तेलात कालवला, दोन हात चोपडले. केशरी झळाळी आली. पोपटचे डोळे दिपले पाहिजेत.

वाळायला गेटजवळच्या उंबराला टेकून उभं केलं. उभं करताना निसटलं आणि गोमाच्या पायाशेजारी धाडकन आदळलं. नखभर अंतराने पाय वाचला. गोमा मटकन खाली बसला, पॅलेटकडे बघून त्याने दोन्ही हात जोडले. भित्रा.

गुरुवारी साहेब येणार. गुरुवारी पोपट संपला.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

साहेब आले नाहीत. मुंबईत आरमारातल्या खलाशांनी बंड केलंय, गोळीबार चालू आहे म्हणतात. माझ्या सुडाच्याच दिवशी! आता चार मार्चला येणार. पॅलेट आहे तिथेच राहू दिलं. छान वाळेल.

२३ फेब्रुवारी

आज पॅलेटला झेंडूचा हार!

हमालांना डिझाइन पटलं तर. लोकांना उशिरा कळतं, पण कळतं. कोणी घातला ते विचारलं नाही. मोठ्या माणसाने असलं विचारू नये.

२६ फेब्रुवारी

आज नारळ फोडलेला दिसला. उद्घाटनाची घाई झालीय सगळ्यांना. साहेबांच्या हातून करायचं होतं, पण लोकांच्या उत्साहाला आवर कोण घालणार. खोबऱ्याचा तुकडा मलाही मिळाला.

पोपटने ते बघितलं. जळतोय मेला.

२८ फेब्रुवारी

घोटाळा आहे.

गेटवर भजी तळणाऱ्या येसूबाईची म्हैस हरवली होती, ती सापडली. तर ही बया माझ्या पॅलेटला ओटी भरत होती! मी म्हणालो, अगं मावशे, हे पॅलेट आहे. ती म्हणाली, आसंल बाबा, पन सुळोबा लई जागृत हाय. गोमाचा पाय राखला, माजी म्हस आनली. मग मला पॅलेटची ती दोन भोकं दाखवली. म्हणाली, कसा टक लावून बगतो बग.

खरंच बघतंय. दोन्ही भोकांभोवती कोणीतरी पांढरा रंग काढलाय.

सुंदराला सांगितलं. ती म्हणाली, उंबराखाली शेंदूर फासून उभा केलात, मंग लोकांनी काय त्याच्यावर धुणं वाळत घालायचं? आदी इचारायचं तरी. मग खाली मान घालून म्हणाली, तुमची नोकरी राहावी म्हनून मी पन पाच नारळ बोललेय.

माझ्याच घरात! माझी बायको! माझ्याच पॅलेटला!

मात्र पाच नारळ पुरतील का, असं मनात आलं. ते सहज.

२ मार्च

ठराव: पॅलेट खरवडून पुन्हा काळ्या रंगाने रंगवायचं. खरवडायची पट्टी घेऊन गेलो. गोमा आणि त्याचे लोक उंबराखाली बसले होते. सगळे माझ्या हातातल्या पट्टीकडे बघू लागले. मी पट्टीने पाठ खाजवली आणि परत आलो. शेंदराचा रंगच साहेबांना जास्त आवडेल.

४ मार्च, सोमवार

साहेब आले. सगळं खरं खरं लिहितो, म्हणजे पुढेमागे पोपटने खोटं पसरवलं तर पुरावा राहील.

पॅलेट जमिनीवर आडवं करा म्हणालो. गोमा म्हणाला, आमी नाय हात लावनार. देवाला कुनी आडवा करतं व्हय! शेवटी साहेबांबरोबर आलेल्या चार शिपायांनी ते आडवं केलं. मग मी पोपटला हुकूम केला, घाल सुळे. पोपट गाडीतून उतरला. वहाणा काढल्या. हात जोडून म्हणाला, देवाच्या पोटात सुळे नाय घालनार, मग नोकरी गेली तरी बेहत्तर. नाटकी! हमालांनी त्याचा जयजयकार केला.

साहेब घड्याळ बघू लागले. मी म्हणालो, थांबा, मी स्वतः पिंप चढवतो. हे लोखंड आहे, निव्वळ लोखंड, साहेबांना दाखवतो. पिंप लोळवत आणलं. पॅलेटवर पाय ठेवायला गेलो.

इथे एक किरकोळ गोष्ट झाली. पाय ठेवण्याआधी मी चपला काढल्या. ते पकड नीट बसावी म्हणून. आणि खाली वाकून पत्र्याला हात लावून कपाळाला लावला. ते घाम पुसायला.

साहेब सगळ्यात मोठ्याने हसले. शिपाईही हसले. हमाल हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गोमाने तर माझेच पाय धरले. म्हणाला, आता पटली ना खूण!

पिंप तिथेच राहिलं.

९ मार्च

डेपोतल्या कारकुनाने सांगितलं, यादी झाली. पोपट राहणार. साहेब म्हणाले म्हणे, ड्रायव्हर हवा, आणि हमाल ह्याचं ऐकतात. पॅलेटं मुंबईहून येणार, लाकडाची.

रडलो नाही. वर्कशॉपात भुसा फार उडतो.

सुंदराने कपाळाला हात लावला नाही, मला टाकून बोलली नाही. नुसती म्हणाली, चला पोशीरला, भात तर खाऊ. तेच जास्त लागलं.

३१ मार्च

आज कळलं. सुळोबाला नवस पोपटनेही केला होता! सव्वीस तारखेचा नारळ त्याचाच. नोकरी राहिली तर कोंबडा कापीन म्हणाला होता. मी रूळ तोडले, मी शेंदूर चोपडला, माझे हात भाजले, आणि पावला कोणाला? पोपटला! माझं पॅलेट फितूर झालं. ह्याचा सूड कोणावर घ्यायचा ते कळत नाही.

उद्या नवस फेडायचं जेवण. साडू म्हणून मला पहिल्या पंगतीचं आमंत्रण. मरेन पण जाणार नाही.

१ एप्रिल, सोमवार

गेलो. आनंदी स्वतः बोलवायला आली, बाई माणसाचा मान राखावा लागतो. कोंबडा झणझणीत होता. रागाने दोनदा भात घेतला.

जेवण झाल्यावर गोमाने विषय काढला. सुळोबाची रोजची दिवाबत्ती करायला माणूस पाहिजे. घरटी तांदूळ देऊ, उंबरामागची खोली राहायला घ्या. तर पोपट सगळ्यांसमोर उठून म्हणाला, ज्यानं घडवला त्याचाच मान. आमचा सहदेव करील. पोशीरला जायची गरज नाय.

उपकार! माझ्यावर! ह्या पोपटचे!

साफ नाही म्हणालो. म्हणालो, मी ड्राफ्ट्समन आहे.

३ एप्रिल, बुधवार

नीट विचार केला. भावनेच्या भरात नको. पोपट रोज सकाळी गाडी गेटातून काढताना सुळोबापुढे थांबतो, उतरतो आणि कमरेतून वाकून नमस्कार करतो. मी देवाला लागूनच बसणार. म्हणजे पोपट रोज, न चुकता, सगळ्या डेपोदेखत माझ्यापुढे वाकणार. जन्मभर! असा सूड आजवर कोणी घेतला नसेल. त्याला कळणारसुद्धा नाही.

उद्यापासून बसतो.

सुंदरा म्हणाली, सकाळी पहिला भाऊजीच येतील, तर परसाद आदी त्येंच्या हातावर ठेवा, थोरले साडू हायेत. आणि ठेवताना तोंड वाकडं करू नका.

खोबरं किसून वाटीत काढून ठेवलंय.