एक रुपयाही न लागता हिवाळा

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विहारातून घरी आले तर मुक्ताबाईचा फोन. ही माझ्या लेकीची, रोहिणीची सासू. संगमनेरला स्लॅबच्या घरात राहते, म्हणून आवाज जरा वरून येतो. म्हणाली, ईनबाई, रोहिणीचं बाळंतपण आमच्याकडंच करू. तुमच्या राजुराकडं थंडी लई. जानेवारीत लेकरू व्हायचं, गारठून जाईल.

मी म्हणलं, मला दोन झाली ती काय उन्हाळ्यात झाली?

ती म्हणाली, तवाचं येगळं हुतं.

वेगळं कसं? थंडी तीच, घर तेच, मीही तीच. पहिलं बाळंतपण माहेरी होणार. रोहिणी १० डिसेंबरला येणार. तोवर मागची खोली उबदार करायची. विषय संपला.

महेंद्र, माझा मुलगा, भंडारदऱ्याला तंबूवाल्यांकडं कामाला आहे. मुंबईची माणसं पैसे भरून तिथं कुडकुडायला येतात. त्यानं हिवाळ्यासाठी तीन हजार बाजूला ठेवलेत. दोन ब्लँकेटं, खिडकीला फळ्या, एक शेगडी, असा त्याचा आणि सुनेचा प्लॅन. मी म्हणलं, ते पैसे गाडीच्या टायरला घाल. हिवाळा मी बघते. एक रुपया लागणार नाही.

सून, म्हणजे यशोधरा, नुसती हसली. तिचं हसणं मला आवडत नाही.

प्रज्ञानं, म्हणजे नातीनं, अर्धी कोरी वही दिली. सगळं लिहून ठेवते. पुढच्या वर्षी लोक विचारायला येतील. मी दुसरी पास आहे. तिसरीच्या बाई चुकीचं शिकवायच्या म्हणून सोडली.

२४ ऑक्टोबर

मागच्या खोलीच्या भिंती कुडाच्या. माती, शेण आणि भाताचं तूस कालवून सगळ्या फटी लिंपल्या. वरची मोठी फटसुद्धा. यशोधरा म्हणाली, आत्या, ती फट न्हाई, चुलीच्या धुराची वाट हाय. मी म्हणलं, ज्या वाटेनं धूर जातो त्याच वाटेनं ऊब जाते. एवढं तिला सुचलं नसतं.

संध्याकाळी प्रज्ञा म्हणाली, आजी, भिंतीवरचा आरसा कुठं गेला? लिंपणाखाली निघाला. आरसा भिंतीच्या रंगाचा घ्यायचा कशाला?

२५ ऑक्टोबर

चूल पेटवली. ऊब राहिली. धूरही राहिला. सगळ्यांनी अंगणात जेवण केलं. मोकळ्या हवेत अन्न चांगलं पचतं.

२ नोव्हेंबर

महेंद्रच्या गाडीला दोन्ही टायर बसले. तीन हजार संपले. आता त्या ब्लँकेटांचा विषय घरात निघणार नाही.

मोठ्या फटीला रात्रीत भोक पडलंय. उंदीर असणार. उंदरानं पहार कुठून आणली ते कळलं नाही. पहार यशोधराच्या पाटीमागं सापडली.

९ नोव्हेंबर, रविवार

गोधडीला सुरुवात. हीच हिवाळ्याची मुख्य गोष्ट. बाकीचं सगळं वरवरचं.

आत घालायला: मालकांची दोन धोतरं, माझी पाच जुनी लुगडी, महेंद्रच्या शाळेच्या पँटी. मालकांना जाऊन अकरा वर्षं झाली, धोतर अजून धड आहे. माणसापेक्षा कापड टिकाऊ निघालं. खालून वरून लावायला यशोधराची एकेक साडी. ती म्हणाली, आत्या, निळी नगा घेऊ, ती मी नेसते. मी म्हणलं, ही निळी कुठंय, ही काळी आहे. ती गप्प बसली. पटलं असणार.

सारवलेली जमीन गार लागते, गुडघे धरतात. महिला मंडळाच्या दगडाबाईकडून मंडळाची सतरंजी मागून आणली. तिच्यावर सगळं अंथरलं, कोपऱ्यांना दगड ठेवले. दगडाबाई म्हणाली, बनाबाई, सहा डिसेंबरला इहारात लागंल बरं का. मी म्हणलं, तुझी सतरंजी काय मी खाऊन टाकीन?

सुईत दोरा प्रज्ञानं ओवून दिला. मला येतो, पण पोरींना सवय लागली पाहिजे.

१६ नोव्हेंबर

दोन कडा झाल्या. टाके एकसारखे. माझ्या आईचे टाके बघायला बायका भंडारदऱ्यावरून यायच्या. माझे बघायला यायला रस्ता खराब आहे.

गोधडी जरा सरकवायला गेले तर सरकली नाही. चांगली गोधडी जागची हलत नाही.

राजूरला डोळ्यांचं फुकट शिबिर होतं. यशोधरा चार दिवस मागं लागली होती. म्हणे, आत्या, मोतीबिंदू झालाय, चला. मी म्हणलं, मला सगळं दिसतं. दिसत नाही ते बघण्यासारखं नसतं. ती म्हणाली, काल तुमी बकरीला प्रज्ञा म्हणून हाक मारली. बकरी आली की नाही? मग.

२३ नोव्हेंबर

मधल्यापर्यंत पोचले. सुई जड जाते. कापड दाट, दुसरं काय.

मुक्ताबाईचा व्हिडिओ कॉल. तिनं तिच्या न्हाणीघरातला गिझर दाखवला. भिंतीवर पिंप टांगल्यासारखं आहे. मी म्हणलं, आमच्याकडं पाणी चुलीवर तापतं, त्याला लाकडाचा गुण येतो. मग मी गोधडी दाखवली. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, ईनबाई, खाली त्ये काय हाय? मी म्हणलं, नेटवर्क खराब आहे, आणि ठेवून दिला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

गोधडी पूर्ण.

चौघांनी चार कोपरे धरून उचलली. सतरंजीपण उठली. आधी वाटलं ओलीनं चिकटली असेल. प्रज्ञा खाली शिरून बघून आली आणि म्हणाली, आजी, तू सतरंजी आत शिवलीस.

महेंद्र मागच्या दारी गेला. तो खोकत होता की काय करत होता कळलं नाही.

मी सांगितलं, मुद्दाम घेतलीय. तळ भक्कम झाला. बाजारात अशी गोधडी मिळत नाही.

यशोधरा म्हणाली, मिळत न्हाई हे खरं.

वजनही चांगलं आहे. अंगावर घेऊन बघितली. ऊब आली. कूस बदलता आली नाही, पण थंडीत कूस बदलायची कशाला.

१ डिसेंबर

दगडाबाई सतरंजी न्यायला आली. सतरंजी कुठं? दाखवली. ती कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, बनाबाई, अगं मंडळाची सतरंजी तू पोटात घातलीस की!

उसवायला बसले. दिवसभरात एक कोपरा सुटला. माझे टाके असे आहेत की सुटत नाहीत. हा दोष धरला जातो, हे बघून वाईट वाटलं.

६ डिसेंबर

सहा तारीख थांबत नाही. गोधडी आहे तशी टेम्पोत घालून विहारात नेली. अंथरली. पांढऱ्या साड्या नेसून सगळ्या बायका तिच्यावर बसल्या. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, भाषणं झाली. दर वर्षी भाषणात म्हाताऱ्या उठून जातात. या वर्षी एकही उठली नाही. दोघी झोपल्या.

कार्यक्रम झाल्यावर मी गोधडी गोळा करायला गेले. दगडाबाई म्हणाली, ऱ्हाऊ दे. सतरंजी मंडळाची, ती मंडळाकडंच ऱ्हाणार. मी म्हणलं, वरची गोधडी माझी. ती म्हणाली, मग तुझी काढून घे, आमची ठेव.

सगळ्या हसल्या. घरी आले. एवढं काम केलं आणि विहाराला दान झालं. दान केल्याचं दुःख नाही. कुणी दान म्हणलं नाही.

रोहिणीला यायला चार दिवस आहेत.

१० डिसेंबर

रोहिणी आली. पोट चांगलं पुढं आलंय. तिच्याबरोबर मुक्ताबाईनं एक ब्लँकेट पाठवलंय, फुलाफुलांचं. मी म्हणलं, इकडं याची गरज नाही. खुंटीला टांगलं.

खिडकीला खताची गोणी लावली. पैसा लागला नाही. वारा आला की गोणी नाचते.

११ डिसेंबर

सकाळी सातला अंगणातल्या हंड्यावर पातळ पापुद्रा होता. प्रज्ञा म्हणाली, बर्फ. मी म्हणलं, साय.

रोहिणीनं फुलाफुलांचं ब्लँकेट, यशोधराचं ब्लँकेट, महेंद्रचं जाकीट आणि माझी शाल घेतली. विचारलं, गार वाटतं का? म्हणाली, न्हाई गं आई. दात वाजत होते. तिला लहानपणापासून दात वाजवायची सवय आहे.

१२ डिसेंबर

चूल दिवसभर पेटवली म्हणून धूर झाला. उंदरानं पाडलेलं भोक मी परवा परत लिंपलं होतं. रोहिणीला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. पोट धरून अंगणात बसली. यशोधरानं पहार घेतली आणि माझ्यासमोरच भोक पाडलं. मी तिला अडवलं नाही. रोहिणीची पाठ चोळत होते.

राजूरच्या डॉक्टरीणबाईनं तपासलं. बाळ बरं आहे. म्हणाली, धूर नको, गारठा नको. मग माणसानं डोंगरात काय करायचं ते सांगितलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

रोहिणीला संगमनेरला पाठवायचं मी ठरवलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. मी उठायच्या आधी महेंद्रनं जीप बोलावून ठेवली होती, पण ठरवलं मीच. सोबत मीपण निघाले. तिथली व्यवस्था नीट आहे का ते कुणीतरी बघायला पाहिजे. दोन दिवसांत परत येते.

निघताना यशोधरानं पिशवी हातात दिली. म्हणाली, आत्या, आठ लुगडी घातलीत. मी म्हणलं, दोन दिवसांना आठ? ती परत हसली.

१७ डिसेंबर, संगमनेर

व्यवस्था बघते आहे. गिझरचं पाणी गरम असतं, पण धुराचा वास नाही, आंघोळ केल्यासारखं वाटत नाही. दोनदा करून बघितली, तरी नाही.

ब्लँकेट हलकं आहे. अंगावर आहे की नाही कळत नाही. सकाळी आठला जाग आली. ब्लँकेटचाच दोष.

२२ डिसेंबर

मुक्ताबाई म्हणाली, रोहिणीला तपासायला नेते, तुमीपण चला. दवाखान्यात मलाच खुर्चीवर बसवलं. डोळ्यांचा निघाला. भिंतीवर इंग्रजी अक्षरं. मला इंग्रजी येत नाही म्हणून वाचली नाहीत. डॉक्टरनं मराठी पाटी लावली. तिचं वळण जुनं होतं. मग त्यानं बोटं दाखवली. किती? मी म्हणलं, तुम्हाला मोजता येत नाहीत का?

मुक्ताबाई सगळ्यांसमोर म्हणाली, ईनबाई, तोंड चांगलं दिलंय तुमाला, डोळ्यांचं काम तेच करतंय. नातवंडाचं तोंड तरी दिसू द्या.

याचं उत्तर घरी आल्यावर सुचलं, पण ती पोळ्या करत होती.

२ जानेवारी

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सरकारी योजनेत बसलं, एक रुपया लागला नाही. मी म्हणलंच होतं, एक रुपया लागणार नाही.

मुक्ताबाई दिवसातून पाच वेळा डोळ्यात थेंब घालते. घड्याळ लावून. बाईला दुसरा उद्योग नाही.

११ जानेवारी, रविवार

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. नाक आमच्याकडचं. डोळे अजून मिटलेले आहेत, उघडल्यावर सांगते. मला अगदी स्पष्ट दिसलं. वरच्या ओठावर एक बारीक पांढरा ठिपका आहे. तो कुणालाच दिसला नव्हता, मी दाखवला.

१८ जानेवारी

महेंद्र, यशोधरा आणि प्रज्ञा बाळ बघायला आले. यशोधरानं कापडात गुंडाळून एक लहानशी गोधडी आणली. बाळाच्या मापाची. वर काळी साडी. आज बघितली तर निळी निघाली.

मी विचारलं, कुठून? ती म्हणाली, इहारातली. मंडळाच्या बारा बायका ब्लेड घेऊन बसल्या तवा सतरंजी सुटली. बाकी सगळं फाटलं, मधला एवढा तुकडा धड राहिला.

उजेडात नेली आणि उजव्या डोळ्यानं नीट बघितली. टाके असे की कोंबडी चिखलातून पळत गेलीय. एक लांब, एक आखूड, एक नुसताच कापडाबाहेर. एका ठिकाणी सुई कुठं निघाली ते सुईलाही माहीत नसेल. मी यशोधराला म्हणलं, पोरी, एवढ्या वर्षांत तुला टाका घालता आला नाही? बाळाच्या अंगावर हे घालायचं?

मुक्ताबाई बाळाला तेल लावायची थांबली. महेंद्र म्हणाला, आये, तिनं नुसती कड घातलीय. बाकीचे तुझे हायत.

कड बघितली. सरळ आहे.

मुक्ताबाईनं गोधडी माझ्या हातातून घेतली, बाळाला गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर दिलं. बाळ लगेच झोपलं. म्हणजे गोधडीत काही वाईट नाही.

डॉक्टरनं सांगितलंय, ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं महिनाभर जे दिसेल त्यावर भरवसा ठेवू नका. सांगितलं नसेल तर सांगायला पाहिजे होतं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत. मुक्ताबाईनं तारीख घेऊन ठेवलीय. तोवर इथंच आहे. व्यवस्था अजून पूर्ण बघून झालेली नाही.