महाशयांचा पुढचा पाय

३ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा कुत्रा सुखरूप पोचला. आम्ही सुखरूप आहोत की नाही, ते तुझी वहिनी ठरवेल. जन्मभर प्रयोगशाळेच्या गुळगुळीत फरशीवर राहिलेला हा प्राणी जिन्यापुढे असा उभा राहिला, जणू मी त्याला हिमालय चढायला सांगतोय. शेवटी वहिनीने उचलून वर आणला. आणताना माझ्याबद्दल जे बोलली ते लिहीत नाही. नाव नाही, कानात नुसता आकडा. म्हणून मी ‘महाशय’ ठेवलं.

नाव सार्थ आहे. मी दिसलो की पुढचा पाय उचलून हातात देतो. पोस्टमनलाही दिला, समोरच्या आजोबांनाही दिला. इतकी वर्षं संस्कृत शिकवलं, पण एवढा नम्र विद्यार्थी माझ्या वर्गात बसला नाही. तुमचे मोठे साहेब महिनाअखेर येऊन बघणार ना, हा माणसांत रुळला की नाही ते? खुशाल येऊ देत. उरलेल्या कुत्र्यामांजरांना सुई देऊन कायमचं झोपवायचं की घरं शोधायची, याचा निकाल हा हस्तांदोलनातच लावेल.

तुझा,
दादा

८ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग जेवण गेलं नाही. दादा, ते हस्तांदोलन नव्हे. रक्त काढायला पाय पुढे करायचा, हे आम्हीच त्याला पिल्लू असल्यापासून शिकवलंय. पांढरे कपडे दिसले की तो पाय देतो. आणि तू, परीटघडीचा पांढरा सदरा सोडून दुसरं काही घातलंस कधी? तो तुला नमस्कार करत नाहीये रे, सुईची वाट बघतोय.

साहेब आधीच म्हणतात की ही जनावरं घरात जगूच शकत नाहीत, उगाच लोकांच्या गळ्यात मारू नका. त्यांच्यासमोर त्याने पाय पुढे केला, तर पशुवैद्य असूनही मला त्यांचंच म्हणणं मान्य करावं लागेल. इथले पिंजरे भरलेले आहेत. मला रोज त्यांच्यासमोरून जावं लागतं.

वहिनीला नमस्कार. माया कमी करू नका.

तुझी,
बेबी

१९ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

सगळ्या इमारतीला कौतुकाने दाखवत सुटलो होतो मी! असो. पांढरे सदरे कपाटात गेले. सध्या वहिनीने काढून दिलेल्या हिरव्या चौकड्यांच्या सदऱ्यात वावरतो. पडदा चालत आलाय असं वाटतं, असं तिचंच मत आहे.

पण महाशय पडद्यालाही पाय देतात. यावर उपाय वहिनीचा. त्याने पाय दिला की ती घेते, जरा कुरवाळते, आणि परत जमिनीवर ठेवून सांगते की राहू दे बाबा, तुझा पाय तुझ्यापाशीच. दिवसभर हेच चाललेलं असतं. स्वयंपाकघरात, गॅलरीत, दारात. मीही तसंच करतो, पण माझ्या बोलण्यात व्याकरण फार येतं म्हणे.

काल तो तिच्या मागोमाग आपण होऊन जिना उतरला. चढता येईना, तेव्हा खालीच बसून गळा काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कळलं, आवाज आहे त्याला! शेजारी तक्रार घेऊन आले. मी त्यांना पेढा द्यायच्या बेतात होतो.

ता. क. पाय अजून देतो. दर वेळी नाही, पण देतो.

दादा

३० मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

साहेब येऊन गेले. नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत! गृहस्थ पक्के. खुर्चीत बसायच्या आधीच वाकले आणि तुमच्या तिथे रक्त काढताना धरत असतील तसा हात पुढे केला, तळवा वर.

महाशय उठले. हात हुंगला. साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. मग ते वळले, वहिनीच्या पायाशी गेले आणि पुढचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन बसले. साहेबांनी हात आणखी पुढे केला. महाशयांनी जांभई दिली. वहिनीने शांतपणे सांगितलं की बसा साहेब, चहा घ्या, आता तो देणार नाही.

साहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, इतक्या वर्षांत मला नाही म्हणणारं हे पहिलंच जनावर. चहा संपवून, जिना उतरताना मागे न बघता म्हणाले, तुमच्या बहिणीला सांगा, घरं शोधायला लागा.

शोध, बेबी! वहिनी रडते आहे आणि मी चष्मा पुसतो आहे, एवढंच सांगतो.

दादा

२६ एप्रिल

ती. स्व. दादास व सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

गेले, सगळे गेले! कुत्रे मेलेली जनावरं नेतात त्या मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने गेले. हिरवळीवर पहिलं पाऊल टाकताना प्रत्येक जण थबकला, पाय झटकला, आणि मग असा काही सुटला की नेणारी माणसं पट्टा धरून मागे धावत होती. वहिनीची युक्ती मी प्रत्येक घराला तोंडपाठ करून दिलीय.

मांजरांचंही जमलं. एकच उरली होती, म्हातारी, राखाडी, फटकळ. तिला तुमच्याकडे पाठवायचा माझा विचार होता, पण सोमवारी पिंजरा रिकामा. साहेब उशिरा आले, नाकावर लांबलचक ओरखडा घेऊन. दुपारी माझ्या दाराशी येऊन, घसा खाकरून विचारलं की मांजर उशीवरून उठत नसेल, तर माणसाने झोपायचं कुठे?

लोभ आहेच, त्यात आता महाशयांनाही वाटेकरी करा.

तुमची,
बेबी