विहिरीवर जाळी

११ एप्रिल २०२५
विहिरीवर जाळी टाकणार म्हणे! घरोघर नळ आले, आता विहिरीवर कुणी पाणी भरत नाही, उगाच एखादं पोर बुडायला नको — असा ठराव नगरपंचायतीत यायचाय. आणणारी कोण, तर आमची नगरसेविका तेजश्री! लहानपणी तिच्या पाठीला डबा बांधून मीच तिला या विहिरीत पोहायला शिकवलं.

माझा तिथला नियम एकच — आधी शाळेतली कविता म्हणायची, मग उडी. तेजश्री दुसऱ्या कडव्याला अडायची आणि डोळे मिटून सरळ उडीच मारायची.

१२ एप्रिल
तिला गाठलं. माझ्या देखत आजवर कुणाला साधं खरचटलं तरी का, विचारलं. म्हणाली, "तुमी असता तवर ठीक हाय, आबा. तुमी नसाल तेव्हा?"

चहा न घेताच उठलो.

१५ एप्रिल
सकाळी पाण्यात उताणा पडून राहिलो. वर गोल आभाळ, कडेला वाकलेलं उंबर. मी शिकवायचो त्या पाचवीच्या वर्गाची खिडकी आठवली. जाळीतून हेच आभाळ चौकटीच्या वहीसारखं दिसेल. त्यावर फक्त गणितं होतात, कविता नाही.

सुंदरा काठावर टॉवेल घेऊन बसलेली. लग्न झाल्यापासून मी पाण्यात आणि ती काठावर. परतताना म्हणाली, "टाकू दे जाळी. बसून बसून माजी कंबार गेली."

घरातच फितुरी!

२२ एप्रिल
आज हरकती ऐकायची बैठक. भाषण पाठ करून गेलो, उभं राहिल्यावर निम्मं विसरलो. उरलेल्यात काव्य फार झालं असावं — नगरपंचायतीचे साहेब जांभई देत होते.

मग मागून सुंदरा उठली. सुंदरा!

"नळ आलं, ब्येस झालं. पन नळात पवता येत नाय," म्हणाली. सगळे हसले. "जाळी टाका, तिला दार ठेवा. आन बायांना येगळी येळ द्या."

तेजश्रीनंच सगळ्यांत आधी बाक वाजवलं. मंजूर! दाराला कुलूप, आत दोर आणि हवेची ट्यूब. पोहता येणारं एक माणूस कायम काठावर हवं. कुणी संकटात असल्याशिवाय त्यानं पाण्यात उतरायचं नाही. ते माणूस मी. बायांच्या वेळेलाही आबाच बसू देत, असं बायांनीच सांगितलं.

रस्ताभर सुंदराला विचारलं, वेगळी वेळ कुणासाठी गं?

१८ मे
बायांची पहिली सकाळ. खाली पाण्यात तेजश्री. पायरीवर सुंदरा — माझा जुना शर्ट, माझीच पँट, पाठीला डबा. म्हटलं, तुला कविता माफ. ऐकते कुठली! अख्खी म्हटली, मी नेहमी गाळतो ते कडवंसुद्धा. आणि उडी.

पाणी तिच्यावर मिटलं. एका हातात तिचा चष्मा, दुसऱ्यात दोर कधी घेतला, कळलंच नाही.

वर आली. चेहऱ्यावरचं पाणी निपटत म्हणाली, "अवो, हुबे कशाला? बसा काठावर."