अर्थाला मार्क नसतात

सर,

तुम्हाला जाऊन आता पंधरा वर्षं होतील. इतक्या वर्षांत तुमच्याबद्दल मी पुष्कळ लोकांशी बोलले आणि एकदाही खरं बोलले नाही. इंग्रजी कुणाकडे शिकलात असं कुणी विचारलं की मी तुमचं नाव घेते, आणि समोरचा माणूस मान हलवून म्हणतो, वा, मग काय बघायचं! आपल्या भागात तुमच्या नावाला अजून तेवढा मान आहे. मी केदारखेड्याहून सायकल मारत तुमच्या शाळेत यायचे ती तुमच्यासाठीच, गावाजवळची शाळा सोडून. आज सकाळी माझ्या घरात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून मला तुमचा असा राग आला आहे की दुपारचा वर्ग सोडून मी हे लिहीत बसले आहे. राग जुनाच आहे. फक्त आजवर तो मी नीट घडी करून ठेवला होता.

तुमची पद्धत मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. उतारा वाचत बसायचं नाही. आधी खालचा प्रश्न वाचायचा, त्यातला मोठा शब्द धरायचा आणि त्याखाली लाल रेघ मारायची. मग तोच शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ज्या ओळीत सापडेल तिच्याखाली निळी रेघ. ती ओळ जशीच्या तशी उतरवली की झालं उत्तर. तुमचं मत लिहा असा प्रश्न आला तर तीन वाक्यं पाठ करून घेतलेली होती, ती कुठल्याही उताऱ्याला चालायची, झाडांच्या असो की गांधीजींच्या. आणि पोरं पास व्हायची, सर. ज्यांना घरात इंग्रजीचं एक अक्षर ऐकायला मिळत नव्हतं ती पोरं पास व्हायची. दहावीला मी तालुक्यात इंग्रजीत पहिली आले तेव्हा तुम्ही सगळ्या शाळेसमोर खिशातून एक कोरी पेन्सिल काढून मला दिलीत, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. तिला टोक करायला मला आठ दिवस धीर झाला नाही. रोज दप्तरातून काढून बघायची आणि परत ठेवायची.

पण त्याच्या आधीचा एक दिवस मला जास्त आठवतो. मी नववीत आहे. उताऱ्यात एक म्हातारा आहे, घरात एकटाच राहतो आणि रोज संध्याकाळी दोन ताटं वाढतो. एका ताटात जेवतो, दुसरं धुऊन पालथं घालतो. खाली पाच प्रश्न होते, म्हातारा कुठे राहतो, काय पिकवतो, असले. मी पाचही सोडवून बसले होते, रेघा मारून, आणि तरी माझा जीव त्या दुसऱ्या ताटात अडकला होता. मी उभी राहिले. म्हणाले, "सर, तो दोन ताटं कामून वाढतो?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग माझ्या वहीकडे. "खाली इचारलंय का?" मी म्हणाले, "न्हाई सर." "मंग? अर्थाला मार्क न्हाईत. मार्क ओळीला हायेत. तासभर हुभी राय." वर्ग हसला. मी तासभर उभी राहिले, आणि उभ्या उभ्या ठरवलं की पुन्हा असलं काही विचारायचं नाही. शहाणी पोरगी होते, एकदा सांगितलं की ऐकायचे.

बारावीला असताना दूरच्या एका मोठ्या विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची माहिती मला मिळाली. तुम्हीच फॉर्म भरून दिलात, तुमच्याच सहीनं. त्या परीक्षेत निम्मा पेपर इंग्रजी उताऱ्यांचा होता. तुम्ही म्हणालात, मंग तर झालंच तुझं काम. घरी अण्णांना सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी ते जालन्याला जाऊन चाकाची बॅग घेऊन आले. आमच्या मातीच्या अंगणात ती चाकं नीट फिरेनात, तरी अण्णा तिची मूठ धरून इकडून तिकडे ओढत होते आणि शेजारपाजारचे बघत होते. आई म्हणाली, "आधी नंबर तर लागू द्या." अण्णा म्हणाले, "लागतो. सर हायेत ना."

परीक्षा दहा दिवसांवर आलेली. जुने पेपर घेऊन जा, असं तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी सकाळीच तुमच्या घरी आले. दार उघडं होतं. चप्पल काढून हातात धरली तशीच मी दारात थांबले, कारण आतून तुमचा आवाज येत होता आणि तो वर्गातला आवाज नव्हता. स्वयंपाकघरात बाई भाकरी थापत होत्या. तुम्ही पाटावर बसला होतात, समोर इंग्रजी पेपर पसरलेला, जालन्याहून एसटीनं यायचा तो, एक दिवस शिळा. तुमची मुलगी मांडी घालून मोठ्यानं वाचत होती. माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान, आमच्याच शाळेतली, आमच्यासारख्याच रेघा मारणारी. तिचं वाचून झालं तसं तुम्ही म्हणालात, "आता पेपर झाक. आन सांग, हा मानूस काय म्हणून राह्यला?" ती मराठीत सांगू लागली, अडखळत, पण बरोबर. "त्याला राग कशाचा आलाय?" ती म्हणाली, "पप्पा, राग आलाय असं कुठं लिव्हलंय?" आणि तुम्ही हसलात. वर्गात तुम्ही असे कधीच हसला नव्हतात. "लिव्हत न्हाई तो. पण तुला कळतंय का न्हाई?"

मग तुमचं लक्ष माझ्याकडे गेलं. तुम्ही पेपरची घडी घातलीत आणि मांडीखाली सरकवलीत. एवढंच केलंत. पण चोरी पकडल्यावर माणूस करतो तसं केलंत. बाई म्हणाल्या, "ये गं, आत ये. अहो, तिला बी बसवा की हिच्या संगं. दहाच दिवस तर राह्यलेत." तुम्ही उठून जुने पेपर काढता काढता म्हणालात, "आज हिला बसवलं की उद्या चाळीस जणी दारात येतेत." मग मला म्हणालात, "तुला याची काय गरज न्हाई. तू रेघ मार. जल्दी जल्दी मारायची सवय कर." मी पेपर घेतले, हो म्हणाले, आणि सायकलवर बसले. अर्ध्या रस्त्यात माझ्या लक्षात आलं की चप्पल अजून हँडललाच अडकवलेली आहे आणि मी अनवाणीच पायडल मारते आहे.

परीक्षा औरंगाबादला होती. पहिल्याच उताऱ्यात एक नावाडी होता. नदीवर पूल झाला, आणि पुढच्या वर्षी त्यानं नाव विकली. लोक विचारायचे तेव्हा तो सांगायचा, मी नदीला कंटाळलो. प्रश्न असा की त्यानं नाव का विकली, आणि खाली चार उत्तरं. पहिलंच उत्तर उताऱ्यातली ओळ होती, अक्षर न अक्षर तीच, नदीला कंटाळला म्हणून. तिसरं उत्तर होतं, आता त्याची कुणाला गरज उरली नव्हती म्हणून. सर, मला कळलं होतं. ते उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि मला कळलं होतं, तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात दोन मिनिटं उभी राहिले होते तेवढ्यावर. माझा हात तिसऱ्या गोलाकडे गेला. आणि मग मला तासभर उभं राहिल्याचं आठवलं, आणि मी पहिला गोल काळा केला. त्या दिवशी असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. फार वर्षांनी, स्वतः शिकवायला लागल्यावर मला समजलं की पेपर काढणारा ती ओळ मुद्दाम ठेवतो. न वाचता ओळ शोधणारा माणूस नेमका तिथे जाऊन पडावा म्हणूनच. तुमची पद्धत मला तिथे नुसती अपुरी पडली नाही, तिनं मला धरून खड्ड्यात नेलं. आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापले जात होते.

थोडक्यात नंबर गेला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी तुम्हाला भेटायला आले. तुम्ही शिक्षकांच्या खोलीत बशीतून चहा पीत होतात. म्हणालात, "जाऊ दे. दहावीला इंग्रजीत तालुक्यात पैली आलीस का न्हाई?" मी मनाची तयारी करून आले होते. म्हणाले, "सर, तुमी घरी तिला शिकवता तसं मला शिकवलं असतं तर…" तुम्ही बशी खाली ठेवलीत. रागावला नाहीत, तेच वाईट. समजावून सांगितलंत. "हे बघ पोरी. आन लागला असता नंबर, तर घरच्यांनी पाठवलं असतं का तुला इतक्या लांब? दोन वर्षांत लग्न करून देतेत तुमचे लोक. तुमाला पास करायचं, तेवढं मी करून राह्यलो. कोन नापास झालं का माझ्या हाताखाली?" मी बॅगेचं सांगितलं नाही. ती बॅग पुढे माझ्या लग्नात माझ्याबरोबर आली, म्हणजे तुमचं म्हणणं खरंच झालं म्हणायचं. तुमची मुलगी पुढच्याच वर्षी त्या विद्यापीठात गेली.

तुम्ही गेलात तेव्हा मी तिसऱ्या दिवशी भेटायला आले होते. तुमची मुलगी माझा हात धरून रडली. म्हणाली, "ताई, पप्पा तुमचं सारखं नाव काढायचे. म्हणायचे, ही तुझ्याहून हुशार होती." तिला वाटलं मला बरं वाटेल. मला त्या घरात एक क्षण बसवेना. तोवर मला वाटत होतं की तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही मला ढ समजला असतात तर मी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं.

आता माझा स्वतःचा क्लास आहे, वडीगोद्रीला हायवेवर, खाली टायरचं दुकान आणि वर मी, क्लासला लागूनच घर. गर्दी चांगली असते. आईबाप येतात, विचारतात, पोरगी पास होईल का, आणि मी म्हणते, होईल. मी पोरींना रेघा शिकवते. लाल आणि निळी. पेन्सिली मीच आणून देते. उतारे बरेचसे तुमच्याच जुन्या प्रश्नसंचातले आहेत. अर्थ सांगत बसले तर संच पुरा होत नाही, आणि निकालाच्या बोर्डावर मार्क लागतात, दुसरं काही लागत नाही. हे सगळं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, अगदी तुमच्यासारखं समजावून.

माझी मुलगी यंदा बारावीला आहे आणि तीच परीक्षा देणार आहे, आता कॉम्प्युटरवर असते. सकाळी स्वयंपाकघरात मी कणीक मळत होते आणि तिला संचातला एक उतारा वाचायला दिला होता. तोच, दोन ताटांचा. वाचून झाल्यावर मी म्हणाले, "आता झाक आणि सांग." तिनं विचारही केला नाही. "बायको गेली असेल त्याची. हाताची सवय गेली नसेल." नववीतल्या त्या तासानंतर हे पहिल्यांदा मी कुणाच्या तोंडून ऐकलं. डोळे भरून आले ते तिला दिसू नये म्हणून मी मान वळवली, तर दारात क्लासमधली एक पोरगी उभी. पलीकडच्या वस्तीवरून चालत येते, फार बोलत नाही, पण तिच्या वहीत रेघा कमी आणि खाडाखोड जास्त असते. चप्पल हातात होती. आमचं बोलणं तिनं किती ऐकलं ते कळलं नाही. तिच्या दुसऱ्या हातात तोच संच होता, तेच पान दुमडलेलं. म्हणाली, "बाई, एक इचारू का? हे सगळे प्रश्न सोडवले मी. पण ह्यो मानूस दोन ताटं कामून वाढतो?"

उत्तर एका ओळीचं होतं. आत माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. मला एवढंच दिसलं की आज हिला बसवलं की उद्या चाळीस जणी दारात. मुलीच्या हातातला संच मी घेतला, त्याची घडी घातली आणि ओल्या हातानं पदराखाली धरला. मग दारातल्या पोरीला म्हणाले, "खाली विचारलंय का?"

"न्हाई बाई."

"मग जा. पुढचा संच सोडव."

ती गेली. चालत दीड-दोन मैल आली होती ती, हे विचारायला. जिन्याच्या मधल्या पायरीवर तिचे पाय जरा थांबले, ते मला स्वयंपाकघरातून ऐकू आले. तेवढ्यात हाक मारता आली असती, सर. दुपारपासून हे पत्र लिहिते आहे ते तुम्हाला जाब विचारायला, आणि तुमच्या घराला तर कुलूप आहे, पाठवणार कुठे. वहीतच राहील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण दुसऱ्या कुणाला ती सांगता येणार नाही. ती जिन्यावर थांबली होती तेव्हा मी श्वास रोखून वाट बघत होते, ती खाली जाण्याची.