उष्णता

प्रिय वन्सं,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, म्हणून खरं तेच लिहिते.

आमच्याकडे झालीय ती उष्णता नव्हे, खरूज आहे. नर्सबाईंनी मुलांच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि सांगून टाकलं. सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत मलम चोळायचं, खाज नसेल त्यानेही. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यातून काढायचं.

तुमचे भाऊ भडकलेच. "मला कुठे खाजतंय? गाद्या भाड्याने देणाऱ्याच्या घरात खरूज? धंदा बसेल! उष्णता म्हणायचं." मी मुलांना मलम लावलं, ती बरी झाली. मग यांच्याच कुशीत झोपली आणि पुन्हा खाजवायला लागली. आता गल्लीत सगळ्यांनाच उष्णता झालीय. शाळेतसुद्धा. मलम कुणीच मागत नाही, सगळे थंड सरबत पितात.

तुमच्या मुलीच्या लग्नासाठी आज सकाळी टेम्पोभर गाद्या निघाल्या. मामाकडून भाचीला भेट! काल रात्री हे आणि मुलं त्याच ढिगावर झोपली होती. "चार दिवस बांधून तरी ठेवा, खरजेचे किडे मरतील," म्हटलं, तर म्हणाले, "लग्न थांबतंय का?" बोलताना मनगट खाजवत होते.

आत्ताच तुमचा फोन आला. "वहिनी, काय मऊ गाद्या आहेत हो! पाहुण्यांची सगळी चिल्लीपिल्ली लोळताहेत."

हे समोरच उभे होते.

मी म्हटलं, "लोळू देत."

तुमची,
वहिनी