माझा वड, त्यांची पौर्णिमा

१० जून, मंगळवार. सकाळी साडेअकरा.
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. ठाण्याला, खोपटच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. डोंबिवलीला परतल्यावर वडाला पाणी घालायला तडक गच्चीवर, तर कट्टा रिकामा. कुंडी नाही.
खाली सोसायटीच्या हॉलमध्ये सापडला. पाटावर ह्यांचा बोन्साय, भोवती नटलेल्या बायका. बुंध्याला इतकं सूत गुंडाळलेलं की साल दिसेना. कुंडीत दूध, दही, मध, अक्षता, कुंकू, वरून प्रत्येकीचा तांब्या.
तिसऱ्या मजल्यावरची मुग्धा पुढे आली. "काकू, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही."
"म्हणजे ह्यांचं झाड चालतं, ह्यांची विधवा चालत नाही."
कुंडी उचलली आणि लिफ्टने वर आणली. हात कुंकवाने लाल झाले, ते बराच वेळ धूत बसले.

११ जून.
सूत कात्रीने कापलं. सालीवर वळ. वरची चिकट माती चमच्याने काढली.
वड आता घरातच, ह्यांच्या टेबलावर. गच्चीची किल्ली कुणाच्याही हाती असते. इथे माझ्या नजरेसमोर राहील.

१५ जून, रविवार.
पिवळी पानं. खालची, जुनी. ती अधूनमधून गळायचीच, हे म्हणायचे, "म्हातारी पानं आहेत, जाऊ दे त्यांना." तेव्हा हसू यायचं.

१८ जून.
आता वरचीही. हात लावला की देठासकट हातात. भिंग घेऊन पानांच्या पाठी तपासल्या. कीड नाही, जाळी नाही, डाग नाहीत. पान सबंध पिवळं पडतं आणि गळतं. मातीत बोट घातलं: ओली. शनिवारपासून पाण्याचा थेंब दिलेला नाही, तरी ओली. आंबूस वास. मुंग्यांची रांग थेट बुंध्याशी.
जिन्यात मुग्धा. "काकू, वड कसाय?"
"मरतोय."
तिचा चेहरा पडला. पडू दे.
मग सेक्रेटरी पाटणकर. "अहो, देवाचं कार्य होतं. पंचामृताने कधी झाड मरतं का?"
म्हटलं, "तुम्ही गळ्यापर्यंत पंचामृतात आठवडाभर बसा, मग आपण बोलू."
"तुमच्याशी बोलणंच कठीण," म्हणाले. इतकी वर्षं लागली कळायला.

२० जून.
झोप नाही. हे रोप ह्यांना आमच्या जुन्या बिल्डिंगच्या पाइपमागे, भिंतीच्या भेगेत सापडलं होतं. बोटभर. रंगारी उपटून फेकणार होता. ह्यांनी खिशात घालून आणलं, रुमालात ओलं करून. त्याची पहिली पारंबी मातीला टेकायला आली तेव्हा ह्यांनी ऑफिसातून फोन करून विचारलं होतं, "टेकली का गं?" जणू मुलीचं पहिलं पाऊल. आम्हाला मूलबाळ नाही. हे वाक्य पुढे नेत नाही.

२२ जून, रविवार.
गोखले ठाण्याहून आले. टेंभी नाक्याला राहतात. ह्यांचे बोन्सायवाले मित्र, गुडघे गेलेत, तरी आले. फोनवर फक्त म्हणाले होते, "कुंडीतून काढू नका. मी येतो."
वर्तमानपत्रावर झाड उपसलं. कुंडीची खालची भोकं अक्षतांनी बंद, तांदूळ फुगून घट्ट बसलेले. पाणी जायला वाटच नव्हती. मुळं एका बाजूला काळी, बोटांत घेतली की साल सुटून यायची. दुसऱ्या बाजूची पांढरी, टणक. काळी सगळी छाटली. उरलेली धुतली, विटांचा चुरा आणि जाड वाळू भरून पुन्हा बसवलं. खत नाही, औषध नाही. नखाने साल जराशी खरवडली: आत हिरवं.
"जिवंत आहे, वहिनी."
मी वर्तमानपत्रावरची काळी मुळं गोळा केली.
मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "हा इथे कधीपासून?"
"त्या दिवसापासून."
"निम्मी मुळं पूजेने गेली, कबूल. पण पानं गळतायत ती अंधारानेसुद्धा. उन्हातला वड घरात कोंडलात?"
"इथे सुरक्षित आहे."
"कुणापासून?"
चहा टाकला.
जाताना: थोडे दिवस खिडकीशी, मग गच्चीवर. नाहीतर नवी पालवी धरणार नाही.

२६ जून.
मुग्धा वर आली. बसायला सांगितलं नाही, तरी बसली.
"काकू, बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकतात, ते मला बघवत नाही. मीच म्हटलं महिला मंडळात, की काकांचा वड आहे. मला पारंबी कशी खाली उतरवायची ते काकांनी दाखवलेलं. त्यांच्या हातचं झाड, म्हणून…"
"मग मला विचारायचंस."
"विचारणार होते. सासूबाई म्हणाल्या, नको. तुम्ही आला असतात तर बाकीच्या…"
"उठून गेल्या असत्या."
तिने मान खाली घातली. नाही म्हणाली नाही. निदान खोटं बोलली नाही.
दारात म्हणाली, "वाचेल ना?"
म्हटलं, "त्याला विचार." तोडून बोलले. पण मलाही माहीत नव्हतं.

३० जून.
वड जवळजवळ उघडा. फांद्यांचा सांगाडा. ह्यांनी कुठली फांदी कुठे वळवली ते आता स्वच्छ दिसतं. पानांत कधी पाहिलंच नव्हतं.
एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून ठेवते. पूजेची मला हौस नाही. हे असताना एकदाही सूत गुंडाळलं नाही. "कॉन्व्हेंटची मड्डम," सासूबाई म्हणायच्या. म्हणू दिलं. पण तेव्हा न जाणं माझं मी ठरवलं होतं. आता हॉलभर बायकांनी माझ्या वतीने ठरवलं, आणि वर ते माझ्या मनाला जपण्यासाठी. ह्या दयेचा मला संताप आहे.

३ जुलै.
शेंड्याच्या फांदीला लालसर टोक. कोंब की वाळलेला देठ? भिंगातूनही कळत नाही. गोखल्यांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "ऊन द्या."

५ जुलै, शनिवार.
वड गच्चीवर न्यावाच लागणार. म्हणजे पुन्हा त्यांच्या भरवशावर. पाटणकरांच्या हातात पत्र दिलं, पोच घेतली. "आता हे काय?" म्हणाले. "वाचा," म्हटलं. मजकूर इथे उतरवते:

"अध्यक्ष, सेक्रेटरी व महिला मंडळ यांस. माझ्या मालकीचे वडाचे झाड दि. १० जून रोजी माझ्या परवानगीशिवाय गच्चीवरून नेण्यात आले. त्याची निम्मी मुळे कुजली आहेत. ते जगेल की नाही हे आज कुणीही सांगू शकत नाही. गुरुवारी ते पुन्हा गच्चीवर ठेवीन, कारण त्याला ऊन हवे आहे. आपले उत्तर आले नाही तरीही ठेवीन. मला नुकसानभरपाई नको. पुढील गोष्टींचे उत्तर हवे. मला विचारायचे नाही, हे कुणी ठरवले? यापुढे मला विचारल्याशिवाय झाडाला कुणी हात लावणार नाही, याची हमी कोण देणार? आणि पुढल्या वटपौर्णिमेला झाड उभे असले व आपल्याला हवे असले, तर मी त्याच्या शेजारी बसेन. हे चालेल की नाही? कारणे नकोत. हो किंवा नाही.
मुदत बुधवार, ९ जुलै, संध्याकाळी सहा. उत्तर लेखी हवे, मंडळातील प्रत्येकीच्या सहीचे. मुग्धाने आपली सही सासूबाईंना न विचारता करावी."